मंद उजेडाची खोली

खोली बारा बाय दहाची होती आणि तिच्याबद्दल मत नसलेला माणूस त्या घरात एकही नव्हता.

घर दोन मजल्यांचं. खाली धाकटी आणि तिचा नवरा, वर थोरली जाऊ आणि तिची मुलगी. थोरला भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती, पण दोन्ही चुलींचं येणंजाणं तसंच राहिलं होतं. साखर वरून खाली यायची, कढीलिंबाची फांदी खालून वर जायची, आणि भांडणं जिन्यात मधल्यामध्ये मिटायची. ही खोली खालच्या मजल्याच्या मागच्या अंगाला होती. धाकटीचा नवरा वीजकाम करायचा. कधीतरी लागेल, कधीतरी लागेल म्हणत त्याने तिथे वीस वर्षांच्या वायरींची भेंडोळी आणि जुने पंखे रचून ठेवले होते. त्यातलं काही कधी लागलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

धाकटी मालिश करायची. सव्वीस वर्षं तिने रुग्णालयात, पडद्याचा आडोसा केलेल्या एका खाटेपाशी, लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि अडून बसलेले गुडघे मार्गी लावले होते. या वर्षी नोकरी सोडून तिने घरातच स्वतःची खोली थाटायचं ठरवलं. विचारणाऱ्याला ती सांगायची की आता रोज बसने जाणं होत नाही, चार माणसं घरी आली तर बरं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वरच्या मजल्यावर होतं.

दहा महिन्यांपूर्वी थोरलीच्या उजव्या छातीत गाठ निघाली आणि ती छाती काढून टाकावी लागली. आजार गेला, जखम भरली, केसही परत आले, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. थोरली शिवणकाम करणारी. टेबलावर कापड पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्री ओढायची म्हणजे खांदा मोकळा हवा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज मालिश आणि व्यायाम हवा. अजून सहा महिने असाच ठेवलात तर खांदा धरेल तो कायमचा." सहातले चार महिने गेले होते. थोरली कुणाला हात लावू देत नव्हती. मुलीलाही नाही.

आता यात गंमत अशी, आणि गंमत म्हणायची म्हणून म्हणायची, की अठरा वर्षं दर रविवारी हीच थोरली खाली येऊन स्टुलावर बसायची, मान पुढे करायची आणि म्हणायची, "बघ गं, ही मान माझीच आहे का कुणाची उसनी आणलीय." मग धाकटी तिच्या खांद्यांत अंगठे रोवायची आणि यंत्रावर वाकून बसते म्हणून तिची खरडपट्टी काढायची. एरवी नाकावर माशी बसू न देणारी बाई तेवढा अर्धा तास निमूट बोलणी खायची. ऑपरेशननंतर ते बंद झालं.

का बंद झालं ते धाकटीला ठाऊक होतं, आणि तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी पट्टी बदलायची होती. नर्स म्हणाली, नातेवाइकांनी बाहेर थांबा. थोरली म्हणाली, "धाकटी राहू दे आत." नर्सने पट्टी उलगडली आणि धाकटीने, जिने सव्वीस वर्षांत भाजलेली, मोडलेली, कापलेली माणसं हातांखालून घातली होती, तिने खिडकीकडे पाहिलं. किती वेळ, तर पापणी लवेपर्यंत. पण नेमकं तेव्हा थोरली तिच्या तोंडाकडे बघत होती. त्यानंतर दोघी दुधाबद्दल बोलल्या, पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या, पुतणीच्या लग्नाबद्दल तर भरपूर बोलल्या. त्या क्षणाबद्दल दोघीही मूग गिळून बसल्या. थोरली रागावलीय, आणि तिचा राग रास्तच आहे, असं धाकटीने मनाशी धरून ठेवलं.

म्हणून ही खोली. इतकी शांत, इतकी मऊ खोली करायची की थोरलीला नाही म्हणताच येऊ नये.

पुतणी टेप आणि कागद घेऊन आली. ती एका फर्निचरच्या दुकानात लोकांना त्यांच्या खोल्या कागदावर मांडून द्यायची, त्यामुळे या घरात सजावटीचा शेवटचा शब्द आपला, अशी तिची समजूत होती. तिने भिंतीला समुद्राचा रंग सुचवला, कोपऱ्यात पाण्याचं छोटं कारंजं सुचवलं आणि एका पूर्ण भिंतीला आरसा. "लहान खोली मोठी दिसते काकू. दुकानात सगळ्यांना हेच सांगतो आम्ही."

"आरसा नको," धाकटी म्हणाली.

"अगं पण का?"

"नको म्हटलं ना. आणि कारंजंही नको. पालथ्या पडलेल्या माणसाला दहा मिनिटं पाणी ठिबकताना ऐकू आलं की त्याला एकच आठवतं."

पुतणी हसली, पण कागदावरचं कारंजं खोडताना तिचं तोंड जरा उतरलंच. धाकटीने तो कागद उलटासुलटा करून पाहिला. "यात टेबल भिंतीला चिकटवलंयस. मी पलीकडच्या बाजूला जाऊ कशी, उडून? चारी बाजूंनी अडीच फूट सोड. दार असं लाव की उघडलं तरी टेबलावरचं माणूस बाहेरून दिसायला नको. आणि यात माणूस कुठे आहे?"

"माणूस नंतर येतो ना."

"माणूस आधी येतो. भिंती मग त्याच्याभोवती."

पुढचे तीन आठवडे धाकटीने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. सुताराला तिने मूठ मिटून, हात सरळ खाली सोडून उभं राहून दाखवलं आणि म्हणाली, टेबल बरोबर इथे, बोटांच्या हाडांना टेकेल इतकं उंच, बोटभर कमी नाही की जास्त नाही. सुतार म्हणाला की टेबलांचं एक ठरलेलं माप असतं. ती म्हणाली, ठरवणाऱ्याने कधी मालिश केलीय का. दाराच्या बिजागऱ्यांना तिने स्वतः तेल घातलं. टॉवेलांची फळी कोपराच्या उंचीवर, म्हणजे एक हात अंगावर ठेवून दुसऱ्याने टॉवेल काढता यावा. घड्याळ डोक्यामागच्या भिंतीवर, म्हणजे तिला दिसावं आणि पडलेल्याला दिसू नये. हे सगळं ती झोपेतही सांगू शकली असती. रुग्णालयातल्या त्या पडद्याआड यातलं काही नव्हतं आणि सव्वीस वर्षं ती मनातल्या मनात ही खोली मांडत आली होती.

पण त्यानंतर ती जे करत गेली ते नेहमीच्या माणसांसाठी नव्हतं. टेबलाजवळ एक रुंद, बुटकी पायरी आली, हातावर जोर न देता वर चढता यावं म्हणून. उजव्या बाजूने पूर्ण बंद आणि डाव्या बाजूला नाड्या असलेला मऊ सुती झगा आला. पालथं झोपताना छातीखाली घ्यायची एक उशी आली, तिला उजवीकडे वेगळा भराव. तो झगा आणि ती उशी धाकटीने स्वतः शिवली, कारण घरात शिवणारी एकच होती आणि नेमकं तिलाच सांगता येत नव्हतं. कपाटाच्या दाराला आरसा होता, त्यावर सुताराकडून फळी ठोकून घेतली. खिडकीला दुहेरी पडदा लावला.

शेवटी दिवा. नवऱ्याने कमीजास्त होणारं बटण बसवलं आणि तो फिरवून दाखवायला लागला. "सांग कुठे थांबवू."

"अजून कमी."

"अगं, अजून कमी केलं तर तुला तेलाची बाटली सापडायची नाही."

"मला हातांनी दिसतं. अजून कमी."

तिने त्यालाच टेबलावर घातलं आणि त्या अंधुक उजेडात, वर डोळेही मिटून, खांद्याची मालिश सुरू केली. डोळे मिटून जमतंय का हेच तिला बघायचं होतं. जमत होतं. बोटांना हाड, स्नायू, गाठ सगळं नीट लागत होतं. पाचव्या मिनिटाला नवरा घोरायला लागला आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. असंच करायचं, तिने ठरवलं. असं केलं म्हणजे आपण बघतोय की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आतापर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल की ही बाई स्वतःलाच फसवत होती. पण इतक्या मायेने आणि इतक्या मेहनतीने फसवत होती की तिला दोष देववत नाही.

थोरलीला तिने बोलावणं धाडलं ते पुतणीकरवी. मालिशचं नावही काढायचं नाही, नुसतं सांगायचं की खोली झालीय, बघून जा. मंगळवारी दुपारी जेवणं उरकल्यावर थोरली जिना उतरून आली. उजवा हात पोटाशी धरलेला, जसा ती हल्ली धरायची. नवरा कामावर होता, पुतणी दुकानात. धाकटीने तेल कोमट करून ठेवलं होतं आणि दिवा ठरल्याप्रमाणे मंद.

थोरली दारातच थांबली. बेतायला आलेलं कापड आधी नुसतं बघून घ्यायची तिची सवय होती, तशी तिने खोली बघितली. बराच वेळ बघितली.

"छान झालीय," ती म्हणाली. मग आत आली आणि पायाने पायरी चाचपली. "ही कुणासाठी?"

"कुणासाठीही. म्हातारी माणसं येतात, त्यांना चढायला सोपं जावं."

"आणि हा झगा? उजवीकडून बंद, नाड्या डावीकडे. म्हातारी माणसं सगळी एकाच बाजूची येणारेत वाटतं."

थोरलीने डाव्या हाताने उशी उचलली, उजवीकडचा भराव दाबून पाहिला, मग शिवण डोळ्यांजवळ नेली. "टाके बघ. एक हा इथे, तर दुसरा गावाबाहेर. तू शिवलीस?"

"हो."

"माप कुठून घेतलंस?"

"अंदाजाने," धाकटी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला वाटलं की जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

थोरलीने उशी जागेवर ठेवली. कपाटाकडे पाहिलं, आरशावर ठोकलेल्या फळीकडे, पडद्यांकडे, छताच्या त्या पिवळट ठिपक्याएवढ्या उजेडाकडे. "माझं अख्खं ऑपरेशन मांडून ठेवलंयस गं इथे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "वर माझ्या खोलीत मी निदान विसरते तरी तासभर. इथे जिकडे बघावं तिकडे तेच. दिवा मोठा कर."

"वहिनी, मंद उजेडात अंग सैल पडतं, म्हणून—"

"अठरा वर्षं तू माझी मान ट्यूबलाइटखाली चोळलीस. तेव्हा नाही पडलं का सैल? मोठा कर दिवा."

धाकटीचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. हा उजेड जर थोरलीसाठी केला होता, तर थोरली सांगतेय म्हणून तो वाढवायला जड का जावं? तिला उत्तर ठाऊक होतं. ते कबूल करायला तिला इतके दिवस लागले होते आणि अजूनही ते तोंडातून बाहेर येईना.

"तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून केलं," ती कशीबशी म्हणाली. मग म्हणाली, "नाही. मला भीती वाटते. मी परत तोंड फिरवीन आणि तुम्हाला दिसेल. त्या दिवशीचा तुमचा राग गेलेला नाही, मला माहीत आहे. जाऊही नये."

थोरली पायरीवर बसली. पायरी रुंद होती, दोघी मावल्या असत्या, पण धाकटी उभीच राहिली.

"राग?" थोरली म्हणाली. "राग कसला? मी अजून बघितलेलंच नाही."

धाकटीला कळेना.

"त्या दिवशी नर्सने पट्टी काढली ना, तेव्हा मी खाली नाही बघितलं. हिंमत नव्हती. म्हटलं, धाकटी बघेल. तिने जन्मभर माणसं बघितलीत. ती साधं तोंड करून उभी राहिली तर समजायचं साधंच आहे, मग आपणही बघू. म्हणून तुला आत ठेवली. म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत होते." थोरली आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून सरळ करत होती. "आणि तू खिडकीकडे बघितलंस. म्हटलं, तिच्याच्याने बघवत नाही, म्हणजे काय असेल ते देव जाणे. दहा महिने मी डोळे मिटून आंघोळ करतेय. हात वर केला तर ते ताणतं, ताणलं की आठवतं, म्हणून हातच वर करत नाही. झालं?"

धाकटी तिच्यासमोर खाली बसली. दहा महिने तिला वाटत होतं की आपण थोरलीला दुखावलं. दुखावलं असतं तर बरं होतं, दुखावलेलं माणूस कधीतरी भांडून मोकळं होतं. तिने तर आपली पापणीभराची भीती थोरलीच्या अंगात सोडून दिली होती आणि थोरली ती एकटी सांभाळत बसली होती. धाकटीला रडू आलं. तिने ते आवरलं नाही आणि थोरलीनेही तिला गप्प केलं नाही.

मग धाकटी उठली. बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि तेवढ्याने भागेना म्हणून दोन्ही पडदेही बाजूला सारले. मागच्या भिंतीवरून उतरणारं दुपारचं ऊन सरळ टेबलावर आलं. खोली एकदम साधी दिसायला लागली.

"बघू का?" तिने विचारलं.

"बघ. आणि मला सांग. पण नटवून सांगू नकोस, तुझं नटवलेलं मला लगेच कळतं."

थोरलीने ब्लाउजची बटणं काढली, डाव्या हाताने, हळूहळू. मग मान वळवून भिंतीकडे बघत बसली.

धाकटीने पाहिलं. पहिल्यांदा छातीत धस्स झालं, ते झालंच. पण ती बघत राहिली, आणि जरा वेळाने तिला भीती दिसायची थांबून खूण दिसायला लागली. ही एक भरलेली जखम होती. अशा शंभर तिने बघितल्या होत्या.

"काखेच्या जरा खालून सुरू होते," ती म्हणाली. "तिथून तिरकी खाली, मधल्या हाडापर्यंत. वीतभर असेल. रंग आधी जांभळट असणार, आता फिका पडलाय. आतल्या टोकाला तर कातडीसारखाच झालाय. बाजू सपाट आहे. बरगड्या दिसतात. मधे तीन बोटं जागा घट्ट धरलीय, खाली चिकटल्यासारखी. हात त्यामुळेच उठत नाही. ती सुटेल, वेळ लागेल, पण सुटेल."

"अजून?"

"काखेकडच्या टोकाला चुणी राहिलीय."

थोरलीची मान थोडी वळली. "चुणी?"

"छोटीशी. करंगळीच्या पेराएवढी. दुमडल्यासारखं झालंय."

"चुणी कशी राहील? दोन्ही कडा सारख्या धरून घेतल्या नाहीत की टोकाला कापड उरतं. मग ते तसंच दामटून शिवतात." थोरलीच्या कपाळावर आठ्या आल्या होत्या, गिऱ्हाइकाने दुसरीकडून बिघडवून आणलेला सदरा बघताना यायच्या तशा. "एवढा मोठा सर्जन आणि टोकाला चुणी ठेवतो? कुठे आहे?"

आणि तिने खाली पाहिलं.

तिने काही ठरवून बघितलं नव्हतं. चुणी शोधायला गेलेली नजर पुढे सरकली आणि सगळ्या शिवणीवरून फिरून आली. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती. आज ती कुठेही दुसरीकडे बघणार नव्हती, छत कोसळलं असतं तरी.

"बापरे," थोरली अगदी हळू म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हनुवटीवरून खाली पडत होतं, पण तिने नजर काढली नाही. डाव्या हाताचं बोट टेकवलं. आधी चुणीवर, मग शिवणीवरून सबंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाही न उचलता. "तिरकं आलंय. पण टाका बारीक आहे हं. ते मानलं पाहिजे."

"दुखतं का?"

"नाही. बधिर आहे. मला वाटलं होतं भयंकर काहीतरी असेल." थोडं थांबून ती म्हणाली, "भयंकरच आहे. पण एवढंच आहे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटीने तळहातांवर तेल घेतलं, एकमेकांवर घासून ऊन केलं आणि उघड्या डोळ्यांनी उजवा तळवा त्या घट्ट धरलेल्या तीन बोटांच्या जागेवर ठेवला. थोरली शहारली, पण मागे सरली नाही. हाताखाली कातडी कोमट होती.

"दहा महिने खांदा असा ठेवतात का कुणी?" धाकटी म्हणाली. आवाज अजून ओला होता, पण शब्द ती नेहमीचेच शोधत होती. "अक्कल आहे की नाही काही? बाहेरच्या बाईने असं केलं असतं तर दारात उभी केली नसती."

"बोल," थोरली म्हणाली. "बोल अजून."

"बोलणारच आहे. आता हात द्या इकडे."

थोरलीने हात दिला. जेमतेम खांद्यापर्यंत आला, तिथे अडला, आणि धाकटीने तो खालून धरला.